पेटीचे मागचे दिवे

“भावजी, तो स्क्रू काय माझ्या रंगातून आरपार घालणार आहात?”

धाकटा पेटीच्या मागच्या बाजूला जमिनीवर उताणा पडला होता. ड्रिल मशीन छातीवर, तोंडात दोन स्क्रू, डोळ्यांत लोखंडाचा भुगा. त्याला वहिनींची फक्त पावलं दिसत होती, पण बाई रागावल्यात हे त्या पावलांवरूनही कळत होतं.

“रंगातून नको तर काय हवेत लटकवू दिवे?” तो स्क्रू चावत म्हणाला.

“लटकवा! पण एक ओरखडा जरी आला ना, तर रविवारी जेवायला येऊ नका. सांगून ठेवते.”

पेटी म्हणजे दोन चाकांवरची एक खोली. दादा नोकरीतून सुटल्यावर भंगारवाल्याकडून एक जुना सांगाडा घेऊन आला आणि त्याच्यावर प्लायवूड आणि पत्र्याचा डबा चढवत बसला. आत दोन माणसं झोपतील एवढी गादी, मागचं झाकण उचललं की शेगडी, एका बाजूला हातभर खिडकी. गाडीच्या मागे अडकवायची आणि वाटेल तिथे मुक्काम करायचा. कॅम्पिंग ट्रेलर असं त्याचं भारदस्त नाव दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. घरात सगळे पेटीच म्हणत. सगळे म्हणजे तरी कोण, तर दादा, वहिनी आणि धाकटा.

धाकटा आता चांगला पन्नाशीपुढचा होता, डोक्यावरचे केस कधीच रामराम करून गेले होते, तरी तो धाकटाच. आई गेली तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता. वहिनी नवी नवरी म्हणून घरात आल्या आणि पहिल्याच आठवड्यात दिराच्या डोक्यातल्या उवा काढायला बसल्या. पुढे त्याने गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं, बाजारात लोक त्याला बत्तीमास्तर म्हणायला लागले, लग्नाचं मात्र राहून गेलं ते गेलंच. दुकानामागच्या खोलीत एकटा राही आणि दर रविवारी वहिनींच्या हातचं जेवी. त्याला घर म्हणून जे काही होतं ते एवढंच.

आणि वहिनींनी जन्मात कधी काही मागितलं नव्हतं. दादाची उभी नोकरी लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर वाचण्यात गेली. रजा मिळे तेव्हा पैसे नसत आणि पैसे असत तेव्हा रजा नसे. वहिनी कुठे म्हणून गेल्या नाहीत. पेटी उभी राहिली तेव्हा त्यांनी ब्रश हातात घेतला आणि दादाला सांगितलं, “रंगाला कोणी हात लावायचा नाही. तो माझा.” पिस्ता रंग त्यांनीच निवडला. गुडघे दुखत असताना खाली बसून त्यांनी दोन दोन हात मारले. खालचा सांगाडासुद्धा सोडला नाही. कोण बघणार आहे तिथे, असं दादा म्हणाला, तर म्हणाल्या, “मी बघणार आहे.”

आता दिव्याचं काम असं असतं, की एका वायरने वीज येते आणि परत जायला तिला लोखंड लागतं. म्हणून दुसरी वायर सांगाड्याला स्क्रूने आवळतात. त्याला अर्थिंग म्हणायचं. पण स्क्रूखालचं लोखंड उघडं पाहिजे. रंग असेल तर तो पॉलिशपेपरने घासून काढायचा, नाण्याएवढी जागा चकचकीत करायची आणि मग वायर आवळायची. हे त्याने इतक्या गाड्यांना केलं होतं, की झोपेत सांगितलं तरी जमलं असतं. पॉलिशपेपरचा तुकडा त्याने खिशातून काढलाही.

वहिनी वाकून बघत होत्या. “घासायचंच आहे का हो?”

“थोडंसं. एवढंसं.”

“नवा आहे अजून,” वहिनी म्हणाल्या. “पण तुमचं काम तुम्हाला ठाऊक. घासा.”

त्या ‘घासा’ म्हणाल्या खऱ्या, पण चेहरा एवढा उतरला, की त्याच्या हाताने पुढे जायला नकार दिला. त्याने पेपर परत खिशात घातला. स्क्रू टोकदार आहे, रंग कापून आत जाईल, दोन आटे लोखंडात बसले की झालं, असं त्याने स्वतःला समजावलं. परत आल्यावर सवडीने, गाडीला जोडायच्या पुढच्या प्लगपर्यंत एक वेगळीच वायर ओढू, हेही ठरवून टाकलं. दोन्ही दिव्यांच्या वायरी त्याने त्या एकाच स्क्रूखाली आवळल्या आणि अंग झटकत उठला.

दादा गाडीत बसून एकेक बटण दाबू लागला. “लागला का रे?”

“लागला!”

“डावा?”

“डावा लागला. आता ब्रेक दे.”

लाल दिवे लखलखीत पेटले. वहिनींनी लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या, मागे जाऊन बघितलं, परत टाळ्या वाजवल्या. त्या रविवारी त्याच्या ताटात सगळंच दुप्पट पडलं.

दादा-वहिनी पेटी घेऊन निघाले. चार-पाच दिवसांनी दुपारी दादाचा फोन आला. दुकानात एक गिऱ्हाईक बॅटरी घेऊन उभं होतं, धाकट्याने फोन खांद्यात धरला. दादा खुशीत होता. काल एका तळ्याकाठी राहिलो, तुझी वहिनी पाण्यात पाय सोडून दोन तास बसली, उठायलाच तयार नव्हती, असं बरंच काही सांगून झाल्यावर हसत म्हणाला, “आणि काय रे धाकट्या, तुझे दिवे डोळे मारतात की! इंडिकेटर दिला की मागचे सगळेच मिचमिच करतात. तुझी वहिनी म्हणते, भावजींसारखेच खट्याळ आहेत.”

धाकट्याचा बॅटरीवरचा हात थांबला.

असं कधी होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अर्थिंग सुटायला लागली, की विजेला परत जायला वाट मिळत नाही, मग ती या दिव्यातून त्या दिव्यात भटकते आणि सगळे मिळून मिचमिचतात. आज मिचमिचतात, उद्या एखादा खड्डा लागला की दोन्ही विझतात. ‘दादा, गाडी बाजूला घे. एखादा वायरिंगवाला गाठ, मागच्या स्क्रूखालचा रंग खरवडून घे, तोवर अंधार पडायच्या आत मुक्काम कर.’ एवढंच बोलायचं होतं. पण मग दादा विचारणार, रंग तू का नाही खरवडलास? बाजारात बत्तीमास्तर म्हणवतोस आणि घरच्याच गाडीत ही बोंब? शिवाय ऐकत असलेल्या वहिनी म्हणणार, मेलं माझ्यामुळेच झालं. एवढ्या वर्षांनी बाई तळ्यात पाय सोडून बसलीये.

“काही नाही रे, बल्बचं असेल,” तो म्हणाला. “आल्यावर बघतो.”

त्याच संध्याकाळी ते परतले आणि गावाबाहेरच, उजेड उतरत असताना, एका टेम्पोने पेटीला मागून धडक दिली. पेटी गाडीवर आदळली आणि गाडी रस्ता सोडून चरात गेली. दादाच्या कपाळाला टाके पडले. वहिनींचं उजवं मनगट मोडलं आणि खांदा निखळला.

धाकटा हॉस्पिटलात पोचला तेव्हा वहिनी गुंगीत होत्या. उजवा हात प्लास्टरमध्ये होता. दादा कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होता.

“झोपला होता हरामखोर! आणि वर तोंड करून सांगतो, ट्रेलरला दिवेच नव्हते. मी म्हटलं, दिवे कोणी बसवलेत माहितीये का? माझ्या भावाने. त्याच्या हातचा दिवा आजवर विझलेला नाही.”

धाकट्याने मान खाली घातली. दादाला वाटलं, तो वहिनींसाठी रडतोय. दादाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात त्याला सहन होईना.

पुढचे दिवस त्याने मूग गिळून काढले. डबा घेऊन हॉस्पिटलात जाई, वहिनींच्या उशाशी बसे. त्या डाव्या हाताने चमचा धरायला शिकत होत्या, सांडलं की स्वतःच हसत. “आता तुम्हीच मला भरवा भावजी, फेडा लहानपणचं.” तो हसल्यासारखं करी आणि बाहेर येऊन जिन्यात उभा राही. सांगावं का? सांगून काय होणार, हाड थोडंच जुळणार आहे? असं तो स्वतःशी म्हणे, आणि म्हणता म्हणता स्वतःचीच चीड येई. दुकानात कोणी गाडी लावून ‘मागचा दिवा बघा हो’ म्हटलं, की तो आधी अर्थिंगचा स्क्रू चाचपून बघे.

अशातच एके सकाळी एक माणूस दुकानाच्या फळीशी येऊन उभा राहिला. मिशा पांढऱ्या, सदऱ्याचं वरचं बटण नीट लावलेलं. गिऱ्हाईक वाटला म्हणून धाकट्याने स्टूल पुढे केलं.

“तुम्ही त्या ट्रेलरवाल्यांचे भाऊ ना?” तो बसला नाही. “मी टेम्पोवाला. मीच तो.”

धाकट्याने फळीवरची वायर उचलून हातात घेतली. आता हा शिव्या देणार असं वाटलं, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“भांडायला नाही आलो,” टेम्पोवाला म्हणाला. “मालकाने चावी काढून घेतली, ते जाऊ द्या. तपासणीत माझी चूक निघाली तर लायसन्सही जाईल, तेही जाऊ द्या. पण घरात सगळे म्हणतात, तुम्हाला डुलकी लागली असेल. बायकोने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणतो, डोळे ठीक आहेत. मग मला सांगा, तुम्ही धंद्यातले आहात म्हणून विचारतो. दिवा चालू असतो आणि समोरच्याला दिसत नाही, असं होतं का कधी? मी जागा होतो हो. आईशप्पथ जागा होतो. पण आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही.”

धाकटा हातातल्या वायरचं टोक सोलत राहिला. सोलून झालं तरी सोलत राहिला.

“होतं,” तो शेवटी म्हणाला. “संध्याकाळच्या उजेडात होतं कधी कधी. डोळ्यांचं काही सांगता येत नाही.”

“असं म्हणता,” टेम्पोवाला म्हणाला. “मग तसंच असेल. तुम्ही जाणकार.” आणि हात जोडून निघून गेला.

धाकट्याने दुकान बंद केलं. आपण किती नीच माणूस आहोत हे त्याला त्या दिवशी नीट कळलं. स्क्रूचं एक वेळ चालेल, फोनचंही एक वेळ आपण घाबरलो म्हणू. पण एका माणसाला त्याने स्वतःच्याच डोळ्यांवर अविश्वास ठेवायला लावून परत पाठवलं होतं, आणि तो माणूस त्याला हात जोडून गेला होता.

तपासणी पोलीस चौकीमागच्या आवारात ठेवली होती. धाकटा सगळ्यांच्या आधी पोचला. पहारेकऱ्याची मोटरसायकल तोच दुरुस्त करी, त्यामुळे त्याला कोणी अडवलं नाही. पेटी एका भिंतीशी तिरकी उभी होती. डावा कोपरा चेपला होता, डाव्या दिव्याचा चुरा झाला होता, उजवा धड होता. तो वाकला. स्क्रू तसाच होता, बोटाने हलत होता, आणि खाली पिस्ता रंगाचं गोल तसंच्या तसं, नवं कोरं.

खिशात पॉलिशपेपर होता. मिनिटाचं काम. रंग घासायचा, स्क्रू आवळायचा, मग साहेब येवोत नाहीतर त्यांचे साहेब. त्याने पेपर काढला, रंगावर टेकवला. तेवढ्यात फाटकातून भाड्याची गाडी आत आली आणि दादाचा आवाज ऐकू आला. धाकटा चटकन उठला.

वहिनीही आल्या होत्या. हात गळ्यात बांधलेला, चेहरा ओढलेला. नको म्हटलं तरी ऐकलं नाही तिने, दादा कुरकुरला. अपघातानंतर त्या पेटीला पहिल्यांदाच बघत होत्या. सावकाश तिच्याभोवती फिरल्या, चेपलेल्या पत्र्यावरून डावा हात फिरवला.

“रंग मात्र टिकला बघा, भावजी,” त्या म्हणाल्या.

धाकट्याने पॉलिशपेपर खिशात आत ढकलला.

तपासणीचे साहेब आले. टेम्पोवालाही आला, लांबच उभा राहिला. साहेबांनी बॅटरी आणि बटणांचा टेस्टिंगचा डबा मागवला आणि पेटीच्या प्लगला जोडला. बटण दाबताच उजवा दिवा पेटला. जरा मंद, पण पेटला.

“बघा!” दादा जवळजवळ ओरडलाच. “एवढ्या धडकेनंतरसुद्धा! सांगत नव्हतो? आमच्या धाकट्याचं काम आहे.”

साहेबांनी मान डोलावली. टेम्पोवाल्याने दिव्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. भांडला नाही, काही नाही. त्याने स्वतःच्याच डोळ्यांवर हात ठेवला.

“साहेब,” धाकटा म्हणाला. “इंडिकेटर लावून बघा.”

“आता कशाला?”

“लावा तर खरं.”

इंडिकेटर लावला आणि उजवीकडचे लाल-पिवळे सगळे मिळून मिचमिचू लागले. धाकटा पुढे झाला, आणि ज्या सांगाड्याला त्याने इतक्या जपून हात लावला होता त्याच्यावर त्याने बुटाने लाथ हाणली. दिवा विझला. पुन्हा हाणली, पेटला. पुन्हा हाणली, विझला आणि विझलेलाच राहिला.

“अर्थिंगचा स्क्रू रंगावरच बसवलाय,” तो म्हणाला. “खालचा रंग काढायला पाहिजे होता, काढला नाही. हादऱ्याने स्क्रू सैल झाला. दोन्ही दिवे याच एका स्क्रूवर होते, म्हणजे गेले तर दोन्ही जाणार. हा माणूस खरं बोलतोय. त्याला दिवा दिसला नाही, कारण दिवा नव्हता.”

“काम कोणी केलंय?”

“मी.”

“धंद्यातला माणूस ना तुम्ही? मग रंग का नाही काढला?”

“साहेब, मीच त्यांना म्हटलं होतं,” वहिनी एकदम पुढे झाल्या. “रंग नवा होता, मी म्हटलं होतं की—”

“वहिनी काही म्हणाल्या नव्हत्या,” धाकटा म्हणाला. इतक्या मोठ्याने तो त्यांच्यासमोर आजवर बोलला नव्हता. “त्या तिथे नव्हत्याच. त्या घरात होत्या. मी आळस केला. घासायचा कंटाळा केला.”

“भावजी!”

“तुम्हाला आठवत नाही, वहिनी. तुम्ही घरात होतात.”

दादा इतका वेळ नुसता बघत होता. आता तो म्हणाला, “अरे पण मी फोन केला होता ना तुला? तेव्हा हेच तर सांगितलं होतं, मिचमिचतात म्हणून.”

“हो.”

“तेव्हा तुला कळलं नव्हतं?”

इथे खोटं बोलता आलं असतं. फोनवर नीट कळलं नाही म्हटलं असतं, तर कोणीही मान्य केलं असतं. दादाने तर आनंदाने केलं असतं. दादा त्याच्याकडे बघत होता आणि तेवढ्याचीच वाट बघत होता.

“कळलं होतं,” धाकटा म्हणाला.

दादाने कपाळावरच्या टाक्यांवरून हात फिरवला. मग तो साहेबांकडे वळला, आणि आयुष्यभर ज्याला त्याने ‘अरे धाकट्या’शिवाय हाक मारली नव्हती त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाला,

“साहेब, यांना जे सांगायचंय ते लिहून घ्या. आमचं इथलं काम झालं.”

तो वहिनींचा चांगला हात धरून गाडीकडे निघाला. वहिनी मागे वळून बघत होत्या, अडखळत होत्या, पण त्याने चाल कमी केली नाही.

टेम्पोवाला जवळ येऊन उभा राहिला. धाकट्याला वाटलं, आता तरी हा शिवी घालेल. तो एवढंच म्हणाला, “मग त्या दिवशी मला तसं का सांगितलंत हो?” टेम्पोवाल्याने जरा वाट पाहिली आणि तो साहेबांच्या मागे चौकीत गेला.

भाड्याची गाडी सुरू झाली. दादा पुढे, ड्रायव्हरशेजारी, समोर बघत बसला होता. वहिनी मागच्या सीटवर होत्या. त्यांनी बाजूला सरकून धाकट्यासाठी जागा केली आणि पलीकडचं दार उघडायला डावा हात लांबवला. तिथवर तो पोचेना. प्लास्टरचा हात सावरत त्या आणखी वाकल्या. बोटं दाराच्या कडीला लागली, सुटली, परत लागली.

धाकटा खिडकीपाशी गेला.

“राहू द्या, वहिनी,” तो म्हणाला. “मी येईन चालत.”

त्यांनी ऐकलं नाही. गाडी हलली, फाटकाकडे वळली, तरी त्यांचा हात त्या कडीवरच होता.